छोटा स्पॅनियल घ्यायचाय, पण दिवसभर त्याच्याजवळ कोण असणार?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पिंपरी-चिंचवडमधल्या एका ताईंनी लिहिलंय. चौथ्या मजल्यावरचा टू बीएचके, नवरा-बायको दोघंही नोकरीला, मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि सासूबाई, वय सदुसष्ट, गुडघ्यांचा त्रास. नणंद इंग्लंडमध्ये असते, तिच्याकडे कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीचं कुत्रं आहे, व्हिडिओ कॉलवर त्याला बघून बघून मुलीने "मला हाच हवा" म्हणून हट्ट धरलाय. नवऱ्याला कॉकर स्पॅनियल आवडतो, लहानपणी त्यांच्या शेजाऱ्यांकडे होता. स्वतःच्या घरात मात्र याआधी कधीच कुत्रं नव्हतं. ऑनलाइन सापडलेला एक ब्रीडर कॅव्हेलियरचे सव्वा लाख सांगतोय, "इम्पोर्टेड लाइन आहे, छोटा आहे, फ्लॅटला बेस्ट, मेंटेनन्स काहीच नाही" म्हणतोय, आणि मेच्या सुट्टीत पिल्लू हवं असेल तर या आठवड्यात दहा हजार टोकन द्या म्हणून मागे लागलाय. ताईंचा प्रश्न असा: "छोट्या स्पॅनियलमधला कुठला घ्यावा? घरी सासूबाई असतातच, त्यामुळे कुत्रं एकटं राहण्याचा प्रश्न नाही. त्या यावर काही बोलल्या नाहीत, म्हणजे त्यांची हरकत नसावी."

ताई, आधी एवढंच सांगते की टोकन देऊ नका. बाकीचं निवांत वाचा.

तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या शेवटच्या ओळीपाशीच अडकले. "सासूबाई असतातच." अहो, त्या असतात ते त्यांच्या घरात असतात ना, ड्युटीवर नसतात. तुम्ही दोघं साडेनऊला बाहेर पडणार, मुलं शाळेत, मग दोन महिन्यांचं पिल्लू झोपेतून उठलं की मुतणार, खाल्लं की मुतणार, खेळलं की मुतणार, आणि दर वेळी फडकं घेऊन वाकणार कोण? ज्यांचे गुडघे दुखतात त्याच. पिल्लू पायात पायात येतं, ते मागे आहे हे कळतही नाही, आणि सदुसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओल्या फरशीवर पाय सरकला तर काय होतं ते मी लिहायला नको. म्हणजे कुत्रं कुठल्या ब्रीडचं हे तुम्ही, तुमचे मिस्टर आणि मुलं मिळून ठरवताय, पण ते सांभाळायचं जिने तिला कुणी विचारलेलंच नाही. त्या गप्प राहिल्या म्हणजे त्यांची हरकत नाही असं तुम्ही धरलंत. आपल्या घरांमधल्या त्या वयाच्या बायका किती गोष्टींवर गप्प राहतात हे तुम्हाला माहीत आहेच, त्यामुळे मला तरी हे गृहीत धरणं बरोबर वाटत नाही.

यावर शेवटी परत येते. आधी ब्रीडचं बोलू, कारण तुम्ही ते विचारलंय आणि अशी बरीच पत्रं माझ्याकडे येतात, "छोटा आहे म्हणजे सोपा असेल" असं म्हणणारी.

छोटा म्हणजे सोपा हे खरं नाही. कॅव्हेलियरचं वजन साडेपाच ते आठ किलो, इंग्लिश कॉकरचं तेरा-चौदा किलो, अमेरिकन कॉकर त्याहून थोडा लहान. हे आकडे उचलून घ्यायला आणि गाडीत बसवायला उपयोगी, पण फिरवणं, केस, कान, डॉक्टर, सोबत यातलं काहीच वजनाप्रमाणे कमी होत नाही. उलट कॅव्हेलियर जन्मजात मांडीवरचं कुत्रं, त्याला एकटं अजिबात आवडत नाही, तुम्ही बाथरूमला गेलात तरी दाराबाहेर बसून राहील. नणंदेच्या घरी तो खुशीत दिसतो तर एकदा तिला विचारा, त्याच्यासोबत दिवसभर घरात कोण असतं, आणि तिथल्या आणि इथल्या हवेत फरक किती. त्याचं नाक थोडं आखूड असतं, एप्रिल-मेच्या दुपारी त्याला लवकर धाप लागते.

मुलीला कॅव्हेलियर का आवडला ते मला नीट कळतं. ते डोळेच तसे असतात. पण या चेहऱ्यामागची गोष्ट तिलाही सांगा, दहा वर्षांची आहे, कळेल तिला. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या भोवती कायम छोटे स्पॅनियल असायचे, त्याच्यावरूनच हे नाव पडलं. पुढे फॅशन बदलली, चपट्या नाकाची कुत्री लोकांना आवडायला लागली आणि जुन्या चित्रांमधलं लांब नाकाचं कुत्रं दिसेनासं झालं. मग 1926 साली एका अमेरिकन माणसाने क्रफ्ट्सच्या डॉग शोमध्ये पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं, त्या चित्रातल्यासारखं कुत्रं दाखवा म्हणून. 1928 ला क्लब निघाला, 1945 ला वेगळं ब्रीड म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे मोजक्या कुत्र्यांपासून हे ब्रीड परत उभं केलं गेलं, आणि एवढ्या थोड्या कुत्र्यांमध्ये जे दुखणं होतं ते पुढे सगळ्यांमध्ये उतरलं.

ते दुखणं म्हणजे हृदयाची झडप. मायट्रल व्हॉल्व्ह. ती हळूहळू जाड होते, नीट बंद होत नाही, रक्त मागे गळतं. पाच वर्षांचे होईपर्यंत साधारण निम्म्या कॅव्हेलियरच्या छातीत मर्मर, म्हणजे रक्त गळल्याचा आवाज, ऐकू येतो आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्याच. आता हिशोब करा, पिल्लू या वर्षी आलं तर मुलगी पंधरा-सोळाची, दहावीच्या आसपास, तेव्हा घरात रोजच्या गोळ्या, मधूनमधून इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रात्री झोपलेल्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला किती पडतात ते मोजत बसणं. हे करणारे लोक आहेत, प्रेमाने करतात. पण त्यांना ते आधी माहीत असायला हवं होतं एवढंच माझं म्हणणं आहे.

दुसरं एक दुखणं आहे, नाव अवघड आहे, सिरिंगोमायलिया. कवटी लहान, मेंदूला मागच्या बाजूला जागा पुरत नाही आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या तयार होतात. दिसतं कसं माहितीये? कुत्रं चालता चालता थांबतं आणि मागच्या पायाने मानेजवळ हवेत खाजवतं, पाय कातडीला लागतच नाही. बघणारे हसतात, व्हिडिओ काढतात, "किती क्यूट" म्हणतात. त्याला वेदना होत असतात. सगळ्यांना होतं असं नाही, पण ज्यांना होतं त्यांना कॉलर घातली, मानेपाशी हात लावला तरी ती कळवळतात. नॉर्वेमध्ये हा विषय थेट कोर्टात गेला आणि 2023 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आत्ताच्या पद्धतीने कॅव्हेलियरचं ब्रीडिंग करणं प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही. एक देश एका ब्रीडबद्दल इतकं म्हणतो तर आपण सव्वा लाख मोजायच्या आधी थांबून विचार करायलाच हवा.

तुमच्या ब्रीडरला एकच प्रश्न विचारून बघा: पिल्लाच्या आईवडिलांचं हृदय कार्डिओलॉजिस्टकडून कधी तपासलं, तेव्हा त्यांचं वय काय होतं, आणि आजी-आजोबा पाचव्या वर्षी क्लिअर होते का. बाहेरच्या देशात चांगले ब्रीडर निदान हे पाळतात, आईवडील अडीच वर्षांचे झाल्याशिवाय, तपासल्याशिवाय पिल्लं घेत नाहीत. तुमच्या माणसाने "हो हो सगळं चेक केलंय, व्हॅक्सिन झालंय" असं उत्तर दिलं तर त्याला प्रश्नच कळलेला नाही. आणि इम्पोर्टेड लाइन म्हणाल तर 2016 साली केंद्र सरकारने ब्रीडिंगच्या धंद्यासाठी परदेशातून कुत्री आणण्यावर निर्बंध आणले, मग ही लाइन नेमकी कुठली, कधी आली, कागद दाखवा म्हणा. 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. केनेल क्लब ऑफ इंडियाचा पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा दाखला नाही, हे खूप जणांना माहीत नसतं.

मी स्वतः यातून गेलेय. आमचा कॉकर, सोन्या, मी एका हायवेवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये घेतला होता, माणूस गाडीतून खोका घेऊन आला, आई कुठाय विचारलं तर "फार्मवर आहे" म्हणाला आणि मी मान डोलावली. पाचव्या दिवशी पिल्लू ओकायला लागलं, संडासातून रक्त, पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जिवावर बेतणारा आजार. चार दिवस सलाईन. वाचला तो, नशीब. पण त्याची आई कुठल्या पिंजऱ्यात होती, तिने किती वेळा पिल्लं दिली असतील, हा विचार मला अजून सोडत नाही, आणि म्हणून आता सगळ्यांना सांगते की पिल्लू आईजवळ, तिच्या जागेवर, तुमच्या डोळ्यांनी बघा. तिला हात लावा. ती घाबरून कोपऱ्यात जात असेल, अंगावर केस नसतील, दाखवायला टाळाटाळ होत असेल तर पिल्लू कितीही गोड असो, परत या.

आता कॉकर. मिस्टरांची आवड चांगली आहे पण त्यांना शेजारचा कॉकर आठवतोय, सांभाळलेला नाही. हे शिकारीचं कुत्रं, झुडपात घुसून वुडकॉक नावाचा पक्षी उडवायचं, त्यावरूनच कॉकर. म्हणजे नाक जमिनीला आणि शेपूट सतत हलती. रोज निदान तासभर, सकाळ-संध्याकाळ मिळून, नीट फिरवावं लागतं, आणि फिरवण्याइतकंच नाकाला काम लागतं. सोपं आहे, जुन्या टॉवेलमध्ये त्याच्या जेवणातले दाणे गुंडाळून द्या, घरात लपवून शोधायला लावा, तुमचा सहा वर्षांचा मुलगा हे तासभर करेल आणि दोघंही दमतील. काम नाही मिळालं तर कॉकर स्वतःच काम शोधतो, मोजे, चपला, सोफ्याची उशी.

आणि कान! स्पॅनियल घेणाऱ्या प्रत्येकाला मी कानांबद्दल बोलल्याशिवाय सोडत नाही. लांब, केसाळ, खाली लोंबणारे, आतली नळी आधी खाली आणि मग आडवी वळणारी, वरून झाकण घातल्यासारखा कान. हवा नाही, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल. सोन्या पाणी प्यायला की दोन्ही कानांची टोकं भांड्यात, मग तो मान हलवणार आणि भिंतीवर पाण्याची रेघ, ती रेघ तेरा वर्षं आमच्या भिंतीवर होती. मी शेवटी खोल आणि तोंडाला अरुंद भांडं घेतलं, कान बाहेर राहतात. दर रविवारी कान उलटून बघायचा, वास घ्यायचा. निरोगी कानाला वास नसतो जवळजवळ. आंबूस, जुन्या पिठासारखा वास आला, आत चॉकलेटी मळ दिसला, कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून चालायला लागलं की त्याच दिवशी डॉक्टर. बड घालायचे नाहीत, मळ आत ढकलला जातो. आणि कुणीतरी खोबरेल तेल सोडा सांगेल, सोडू नका, ओल वाढते. कानाच्या आतल्या बाजूचे, नळीच्या तोंडाशी असलेले केस ग्रूमरकडून बारीक ठेवून घ्यायचे, दीड-दोन महिन्यांतून एकदा, आणि घरी रोज कंगवा, काखेत आणि कानामागे गाठी होतात तिथे विशेष.

पावसाळ्यात गोचीड. दाट केसात दिसत नाहीत, बोटांच्या पेरात आणि कानाच्या कडेला चाचपून बघावं लागतं. कुत्रं एकदम मलूल झालं, जेवण सोडलं, हिरड्या पांढरट दिसल्या तर टिक फिव्हर धरून लगेच रक्त तपासा, उद्या बघू म्हणू नका.

म्हणून मेच्या सुट्टीत पिल्लू आणायचं नाही. मला माहितीये, सगळे सुट्टीतच आणतात, मुलं घरी असतात म्हणून. पण बघा काय होतं. मे महिनाभर चार माणसं चोवीस तास त्याच्या अंगाशी, आणि जूनच्या मध्यावर एकदम शाळा सुरू, घर रिकामं. त्याच आठवड्यात पाऊस, त्याच सुमाराला लसींचा कोर्स संपून त्याला पहिल्यांदा खाली न्यायची वेळ, ओल्या गवतात शी-शू शिकवायची, ओले कान, गोचीड, सगळं एकदम अंगावर. पहिल्यांदा कुत्रं आणणाऱ्या घराने हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दिवाळीनंतर आणा. फटाके झालेले असतात, हवा कोरडी, थंडी बेताची, आणि पुढच्या पावसापर्यंत ते आठ-नऊ महिन्यांचं शहाणं झालेलं असतं.

मधले हे सहा महिने वाया जाणार नाहीत. दर महिन्याला पाच हजार बाजूला टाका, जणू कुत्रं घरात आहे. जड वाटलं तर आत्ताच कळेल. एखाद्या मैत्रिणीचा कुत्रा त्यांच्या गावी जाण्याच्या वेळी आठ दिवस घरी ठेवून बघा, सोसायटीत कुणी ना कुणी विचारत असतंच. मुलांना स्वयंपाकघराचे नियम आतापासून लागू द्या: कांदा, लसूण, बेदाणे-मनुका, द्राक्षं, चॉकलेट, हे कुत्र्याला विष आहे, आणि आपल्या घरात कांदापोह्यात कांदा, रश्शात कांदा-लसूण, शिऱ्यात बेदाणे, प्रसादाचं ताट खाली ठेवलं की संपलं. मुलाला एक गोष्ट रोज सांगायची, कुत्रं खाताना आणि झोपलेलं असताना त्याच्याजवळ जायचं नाही. तोंडातलं काही ओढून घ्यायचं नाही, दुसरं चांगलं काहीतरी देऊन बदल्यात घ्यायचं. कॉकरमध्ये "हे माझं आहे" असं धरून ठेवायची सवय लागू शकते आणि ओढाओढीने ती पक्की होते.

सोसायटीचं पण विचारून ठेवा. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी सोसायटीला घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 मध्येच लेखी सांगितलंय. पण हक्काबरोबर पट्टा बांधणं, शी उचलणं, महापालिकेचं लायसन्स आणि दर वर्षी रेबीजची लस हेही तुमच्याकडेच येतं.

मग घ्यायचं काय? माझं मत विचारलंत तर तुमच्या घराला कॅव्हेलियर नको आणि कॉकरचं पिल्लूही नको. दोन ते चार वर्षांचा, घर बदलावं लागलेला कॉकर बघा. लोक परदेशी जातात, बदल्या होतात, बाळ होतं, आणि सुंदर, शिकलेली कुत्री दुसरं घर शोधत असतात, पुण्या-मुंबईच्या शेल्टरना, ॲडॉप्शनचं काम करणाऱ्यांना नाव देऊन ठेवा, दोन-चार महिने लागतील. शी-शू शिकलेला असतो, लसी झालेल्या असतात, स्वभाव समोर दिसतो, लहान मुलांबरोबर कसा आहे ते भेटूनच कळतं, आणि दुपारचे तीन-चार तास तो निवांत झोपतो. अजून एक, तुमच्याच भागात देशी पिल्लं असतील. स्पॅनियलसारखी दिसणार नाहीत, वाढली की पंधरा-वीस किलोची होतील, पण बारीक केस, मोकळे कान, आपली हवा मानवणारी. मुलीला एकदा शेल्टरमध्ये नुसतं घेऊन जा, काही ठरवायला नाही, बसायला. ती कुणापाशी जाऊन बसते ते बघा.

आता सासूबाई. मुलांसमोर विचारू नका, मुलांसमोर त्या नाही म्हणणारच नाहीत. एखाद्या दुपारी तुम्ही घरी असताना, चहा घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि "चालेल ना?" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर "चालेल" एवढंच येतं. विचारा, "आई, दुपारी घरात कुत्रं असलं तर तुम्हाला कसं वाटेल? कशाची भीती वाटते?" मग गप्प बसा. देवघरात शिरेल, केस पडतील, मटण-अंडी शिजवावी लागतील, पायात येईल, काहीही निघेल, आणि प्रत्येकाला उत्तर असेलच असं नाही. त्यांना जे करायचं नाही ते त्यांच्या वाट्याला येणार नाही अशी सोय आधी करा: सकाळी मिस्टर, संध्याकाळी तुम्ही, दुपारी एकदा खाली न्यायला पगारी माणूस, स्वयंपाकघराला बेबी गेट. पट्टा त्यांच्या हातात कधीच द्यायचा नाही, चौदा किलोचं कुत्रं मांजर बघून एक झटका देतं आणि माणूस खाली.

कदाचित असंही होईल की त्यांनाच सगळ्यात जास्त हवं असेल. आमच्या घरी तसंच झालं, माझ्या आईने वर्षभर सोन्याला "ए बाजूला हो" एवढंच म्हटलं आणि नंतर रोज दुपारी दोनला तो तिच्या पलंगाखाली आणि तिचा हात खाली लोंबता, त्याच्या डोक्यावर. पण ते त्यांनी त्यांच्या मनाने व्हायला हवं. आणि त्या नाही म्हणाल्या तर मुलीला "आजी नाही म्हणते" असं सांगू नका, आपल्या घराला सध्या जमणार नाही असं तुम्ही दोघांनी मिळून सांगा, आणि तिला दर शनिवारी शेल्टरमध्ये मदतीला नेता येईल का ते बघा. ब्रीडरचा फोन आला तर "दिवाळीनंतर बघू" म्हणून ठेवून द्या.